पत्रा कुठं गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रदर्शनात दर वेळी कुणीतरी विचारतंच: स्वतःला वास्तववादी म्हणवता, मग तुमच्या गुऱ्हाळांच्या चित्रांत विजेचा खांब, पत्रा, निळी ताडपत्री का नसते?

माझं ठरलेलं उत्तर आहे. जलरंगात पांढरा लावत नाहीत, कागद सोडतात. काय सोडायचं ते ब्रश ओला करण्याआधी ठरवावं लागतं. शिवाय आम्ही कोल्हापूरकर चित्रकार आबालाल रहमानांच्या निसर्गचित्रांवर वाढलेलो; रंकाळा तलावावर दिसलं ते सगळं त्यांनी तरी थोडंच मांडलं असेल!

उत्तर खोटं नाही. पण पुरतही नाही.

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर आठवडाभर बसलो होतो. रस उकळणाऱ्या काहिलीच्या वाफेनं कागद वाळायचा नाही; माझा पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, सुकेपर्यंत गूळ करणारा गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी काढून मोकळा. छप्पर मी उसाच्या पाल्याचं रंगवलं, कारण काही वर्षांपूर्वी तिथं तसंच पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी मालक मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, चुलवाणातला जाळ आवडला.

“पत्रा काढला न्हाईसा?”

“पाल्याचं बरं दिसतंय,” मी हसून म्हणालो.

“दिसंल की. पर दर वर्साला शाकारायला माणूस कुठं मिळतंय? सोसायटीचं कर्ज काढून घातलाय पत्रा. अजून फिटलं न्हाई.”

रागावले नव्हते. गरम गुळाचा खडा हातावर ठेवून गेले. काढणं म्हणजे रेखाटणं आणि काढणं म्हणजे उपटून टाकणं, मराठीत दोन्हीला एकच शब्द. मी त्यांचा पत्रा दुसऱ्या अर्थानं काढला होता. ते चित्र पहिल्याच दिवशी विकलं गेलं, हेही सांगून टाकतो. घेणाऱ्या बाईंना त्यात आजोळ दिसलं.

पुढच्या हंगामात पत्र्यासकट रंगवायचं ठरवून गेलो, तर गुऱ्हाळ बंद. गुळव्या मिळेना, ऊस कारखान्याला गेलेला, काहील भिंतीला उभी. (२०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ओळखीपाळखीत गूळ वाटत फिरणारा मीच.) तरी बसलो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून पत्र्याचा राखाडी उत्तम उतरला, गंजासकट. ते चित्र अजून कपाटामागं आहे.

वीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत मी लिहिलं होतं, ‘जसं दिसतं तसं रंगवतो.’ त्या पोराशी माझं भांडण चालूच असतं. तो म्हणतो, गिऱ्हाइकासाठी पाला घालतोस. मी म्हणतो, अरे, तो पाला पाहिलास तूच ना?

मागच्या आठवड्यात एक चालू गुऱ्हाळ सापडलं. पत्रा काढला. ताडपत्रीही. खांबापाशी आलो तेव्हा मागचं आभाळ ओलं होतं. वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. सामान आवरलं आणि निघालो.