धर्मपुरीच्या अलीकडची दुपार

वारीत पुण्याहून सासवडला निघायचं त्या दिवशी एकादशी होती. पोटात साबुदाण्याची खिचडी, तीसेक किलोमीटरची चाल आणि मध्ये दिवे घाट. घाटात फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड की पाऊल टाकायला जागा नव्हती. कोणीतरी कॅमेरा थेट तोंडासमोर धरला तेव्हा भजनातलं माझं लक्षच उडालं. मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे, आणि घामाने सगळं अंगाला चिकटलेलं.

मला कोड आहे. शाळेत असताना उजव्या घोट्यावर शेंगदाण्याएवढा डाग आला, आता दोन्ही पावलं आणि हातांची बोटं पांढरी आहेत. शरीराची प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते, हा रोग शिवल्याने लागत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. घरच्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, मासे खाऊन वर दूध प्यायली होतीस का? पुढे ठरलेलं लग्न मोडलं. बहिणीच्या लग्नात मी आतल्या खोलीत बसावं असं सुचवलं गेलं आणि मी बसले. वारीला मी काही मागायला निघाले नव्हते. घरात जीव रमत नव्हता, म्हणून एका ओळखीच्या बाईंच्या दिंडीत नाव घातलं.

जेजुरीला भंडारा, नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. हे सगळं डोळे भरून पाहिलं, पण आता आठवताना दिवस एकमेकांत मिसळतात. पहाटे तीनला भोंगा, टँकरपुढची रांग, ओल्या राहुटीचा वास, हरिपाठ.

आमच्या दिंडीच्या स्वयंपाकात एक बाई होत्या. मी पीठ मळायला परातीपाशी बसले की म्हणायच्या, ‘‘तू भाजी निवड गं, पिठाला आम्ही आहोत.’’ भाजी निवडून झाली की ती दोनदा धुतली जायची. तोंडाने अखंड माउली माउली चाललेलं. समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा तळ क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकलं जातं. लोणंदच्या तळावर त्या शांततेत उभं राहून मला वाटलं, टाळ घ्यावेत आणि वाजवत सुटावं.

बरड सोडलं तेव्हा भुरभुर पाऊस होता. मोजे भिजले. नऊनंतर जे ऊन पडलं ते थेट डांबरावर. ओल्या मोज्यात टाच घासून घासून मोठा फोड आला, दुसरा अंगठ्याच्या बुडाशी. धर्मपुरीच्या अलीकडे पाऊल टेकवेना. दिंडी पुढे गेली आणि मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. समोरून पताका जात होत्या, मृदंग जात होते, आणि मला सगळ्यांचा राग येत होता. विठ्ठलाचासुद्धा.

एक म्हातारी वाट सोडून माझ्याकडे आली. डोक्यावर तुळस, काखेत पडशी, बोली परभणीकडची. तुळस झाडाच्या बुंध्याशी नीट टेकवली आणि म्हणाली, ‘‘पाय दाव गं माय.’’

‘‘नको मावशी. थोडं बसते, थांबेल.’’

‘‘बसून फोड जात असतेत व्हय? काढ ते मोजे.’’

मी काढेना, तेव्हा तिनेच हात घातला. कातडीला चिकटला होता तिथे बाटलीतलं पाणी सोडून सोडून तिने मोजा सुटा केला. माझा पांढरा पाय, चिखलाने बरबटलेला, तिने लुगड्यावर मांडीत घेतला. मी पाय ओढला तर घोटा घट्ट धरून ठेवला. पडशीतून पत्र्याची डबी निघाली. काडी पेटवून तिने सुई धरली, दोरा खोबरेल तेलात बुडवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला. दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडली. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब झरायला लागलं. ‘‘साल काढू नगं. त्याच्या खाली नवी कातडी धरती.’’

मग ओल्या फडक्याने पाऊल पुसताना तिने विचारलं, ‘‘हे पांढरं उन्हात भाजतं का गं?’’

कधी आलं, कशाने आलं, औषध कुणाचं, घराण्यात कुणाला होतं का, हे मला हजारांनी विचारलं आहे. भाजतं का, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. भाजतं. त्या कातडीत उन्हाला अडवणारा रंगच नाही. मी हो म्हणाले आणि मला रडू फुटलं.

ती थांबली नाही. ‘‘मग मोजे पायजेतच. पण हे नायलनचं हाय, सुती घे.’’ भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. उठताना माझ्या त्याच पावलांवर डोकं टेकवलं. वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, पण इतके दिवस कुणी वाकलं की मी एक पाऊल मागे सरत होते. आता सरायला जागा नव्हती. मीही तिच्या पायांवर डोकं ठेवलं. भेगांत माती भरलेले, तापलेले पाय. तुळस डोक्यावर घेऊन ती जवळजवळ पळतच आपल्या दिंडीमागे गेली. तिचं नाव मी विचारलं नाही.

नातेपुत्याला सुती मोज्यांचे दोन जोड घेतले. रात्री राहुटीत कंदिलाजवळ पाय पसरून बसले आणि तेल घेऊन स्वतःचे पाय दाबले. मलम लावायला एरवी बोटाच्या टोकाने जेवढं शिवायचं तेवढंच मी त्यांना शिवत असे. त्या रात्री तळवे, घोटे, एकेक बोट सावकाश चोळलं. बाया येत-जात होत्या, मी पाय झाकले नाहीत. स्वतःवर प्रेम करावं असं लोक सांगतात, ते कसं करायचं हे मला कधी कळलं नव्हतं. दुखेल तिथे दाबायचं, भाजेल तिथे झाकायचं, एवढं त्या रात्री जमलं.

परातीपाशी मात्र तेच. त्या बाई शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. वेळापूरच्या धाव्यात मी जीव तोडून पळाले, वाखरीच्या रिंगणानंतर पोरींच्या हातात हात देऊन फुगडी खेळले. पंढरपुरात दर्शनबारी पाहून नामदेव पायरीला आणि कळसाला हात जोडले.

चुलतबहिणीच्या मुलीला यंदा हनुवटीखाली डाग दिसला आहे. ती सहावीत आहे. घरात कुजबुज सुरू झाली आहे आणि तिचं दूध बंद केलं आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी काम करते. त्यांचा पत्ता काढून ठेवला आहे. येत्या रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे, आणि आधी तिलाच विचारणार आहे की शाळेत काय काय ऐकावं लागतं.