नाशिक ते लॅमिंग्टन रोड : गेमिंग संगणक जोडून घ्यावा की तयार?

भाच्याचे अभियांत्रिकीचे पहिले वर्ष सुरू झाले आणि दिवाळीपूर्वीच घरात ठरून गेले की त्याला गेमसाठी आणि थोडेफार थ्रीडीचे काम शिकण्यासाठी चांगला डेस्कटॉप घेऊन द्यायचा. मॉनिटर वगळून एक लाखाची मर्यादा होती. सुटे भाग आणून तो स्वतः जोडायचा, असा त्याचा आग्रह होता; तयार यंत्र घ्यावे आणि बिघडले तर एकाच ठिकाणी फोन करावा, असे बहिणीचे म्हणणे होते. मी मधला. २२ नोव्हेंबर २०२५ च्या शनिवारी आम्ही दोघे मामा-भाचे मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाऊन आलो. जाताना मनात असलेला निर्णय आणि येताना हातात असलेले खोके यांचा मेळ बसला नाही. तो का बसला नाही, हे सविस्तर लिहिले तर खरेदीला निघणाऱ्यांना उपयोग होईल, असे वाटते.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी व्हिडिओंमध्ये हा प्रश्न दोनच बाजूंचा असतो, एक तर स्वतः बांधा किंवा कंपनीचे तयार घ्या. आपल्याकडे पूर्वीपासून तिसरी वाट आहे आणि बहुतेक घरांतले डेस्कटॉप त्याच वाटेने आलेले आहेत : भाग आपण निवडायचे, जोडणी दुकानदाराने करून द्यायची, ज्याला आपण सरसकट ‘असेंबल्ड’ म्हणतो. माझा स्वतःचा २०१८ सालचा संगणक तसाच होता. भाग निवडायचे काम मात्र मी दुकानदारावरच सोडले होते आणि त्याने आत बसवलेला, ज्याचे नाव कधी कोणी ऐकलेले नाही असा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) तिसऱ्या उन्हाळ्यात फट्‌ असा आवाज करून गेला, तो मदरबोर्डालाही (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य फलक) बरोबर घेऊन. त्यामुळे या वेळी बाकी काही नाही तरी एसएमपीएस डोळ्यांनी पाहून घ्यायचा, एवढे पक्के होते.

आदल्या संध्याकाळी नाशिकमधल्या एका मोठ्या शोरूममध्ये एका नामांकित ब्रँडचा तयार गेमिंग डेस्कटॉप पाहून ठेवला होता. किंमत एक लाख नऊ हजार. विंडोजचा अधिकृत परवाना त्यातच आणि घरी येऊन दुरुस्ती करून देण्याची एक वर्षाची हमी. या दोन्ही गोष्टींना किंमत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रॅम १६ जीबीची एकच पट्टी होती. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, एकच असेल तर ती रुंदी अर्धी होते आणि गेममध्ये ते जाणवते. एसएसडी, म्हणजे साठवणीची चकती, ५१२ जीबीची. शिवाय मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही त्या कंपनीच्याच खास मापाचे असल्याने तीन वर्षांनी बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसणार नव्हता. भाच्याला हे तिसरे कारण सर्वांत जास्त खटकले आणि मला त्याचे पटले, म्हणून सुटे भागच आणायचे ठरवून निघालो.

आता प्रवासाचे. नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस पकडावी, दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जावे आणि चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल घ्यावी. सगळ्याच जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नाहीत. घाईत आम्ही तशीच एक पकडली आणि मुंबई सेंट्रलला उतरून पुन्हा गाडी बदलली. ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडले की पाच मिनिटांत रस्ता लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेले नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे नोकरदारांसाठी शनिवारच उरतो. दुकाने अकराच्या आसपास उघडतात. तेवढा वेळ आमचा स्थानकाबाहेरच्या बी. मेरवान या इराणी हॉटेलात चहा आणि मावा केक यांत गेला, आणि पुढे दुपारचे जेवण बहुधा होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आमच्याकडे भागांची यादी लिहून तयार होती : एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) रॅम १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी, वेगवान) एसएसडी, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस आणि जाळीदार पुढच्या बाजूचे कॅबिनेट. यादी नेमकी असली की चार दुकानांत एकाच गोष्टीचा भाव विचारता येतो. ‘गेमिंगसाठी चांगलं काहीतरी’ असे म्हटले की प्रत्येक दुकान आपल्याकडे पडून असलेला माल दाखवते आणि मग तुलना होऊच शकत नाही. कोटेशन कागदावर आणि प्रत्येक भागाच्या पूर्ण मॉडेल क्रमांकासह मागावे. ‘बी६५० बोर्ड’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यात पाच हजारांचा फरक लपू शकतो.

पहिल्याच दुकानात रॅमच्या भावाने आम्हाला जमिनीवर आणले. सप्टेंबरअखेर भाच्याने जी जोडी साडेदहा हजारांना पाहून ठेवली होती, ती आता साडेबावीस हजार. दुसऱ्या दुकानात त्याहून पाचशे जास्त. “साहेब, हा आजचा भाव आहे, सोमवारचं मला विचारू नका,” असे दुकानदार म्हणाला तेव्हा ती विक्रीची युक्ती आहे असेच मला वाटले होते, पण ते खरे होते. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या कारखान्यांत तयार होते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे या तिघींनी आपली उत्पादनक्षमता वळवल्यामुळे सामान्य ग्राहकाच्या पट्ट्यांची टंचाई झाली. (पुढे ३ डिसेंबरला मायक्रॉनने आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याचेच जाहीर केले.) आमच्या यादीतला सर्वांत कमी भाव जोडून पाहिला : प्रोसेसर १७,५००, बोर्ड १२,८००, रॅम २२,५००, एसएसडी ७,६००, ग्राफिक्स कार्ड ३०,५००, एसएमपीएस ५,२०० आणि कॅबिनेट ४,६००. एकूण १,००,७००. मर्यादा ओलांडली होती आणि मॉनिटर अजून बाकीच होता.

चौथ्या दुकानात काचेआड एक जोडलेला संगणक ठेवलेला होता. दिवाळीच्या गर्दीसाठी दुकानदाराने ऑक्टोबरच्या आरंभी पाच-सहा जोडून ठेवले होते, त्यातला उरलेला हा एक. प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ आमच्याच यादीतले, रॅम ३२ जीबी, आणि किंमत ९३ हजार. आत बसलेली रॅम जुन्या भावाची होती, एवढेच त्यामागचे रहस्य. एरवी तयार यंत्रात जोडणीचे आणि नफ्याचे पैसे जास्त जातात. या वेळी उलटे झाले होते. भाच्याचा चेहरा पडला. “मामा, मग मी काय जोडू?” असे तो हळूच म्हणाला. मी दुकानदाराला विचारले, बाजूची काच काढून बघू का? त्याने आक्षेप घेतला नाही, हे मला त्या दुकानाबद्दल पहिले चांगले लक्षण वाटले. जो नकार देईल त्याच्याकडून घेऊ नये.

मोबाइलच्या टॉर्चने आम्ही आत पाहिले. रॅमच्या पट्ट्या दोन होत्या आणि प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या खाचेत, म्हणजे जिथे असायला हव्यात तिथेच होत्या. एसएसडीवर नाव वाचता येत होते. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘५५०’ छापलेले होते, पण खाली जो बारीक तक्ता असतो त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअर असा आकडा होता. बारा गुणिले छत्तीस म्हणजे ४३२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात, म्हणून तोच आकडा खरा मानायचा. वरचा ठळक आकडा हा बाकीच्या वाटा मिळवून केलेली बेरीज असते. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉटच लागतात, त्यामुळे संगणक चालला असताच, पण २०१८ चा फट्‌ आवाज माझ्या कानात होता. ६५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर हा आकडा ५४ अँपिअरच्या आसपास दिसतो. आम्ही म्हटले, हा बदलून आमच्या यादीतला घाला. घासाघीस होऊन फरकासह ९३,५०० वर सौदा ठरला. भागांच्या भावापेक्षा सात हजार दोनशे कमी.

बिलाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. बिल न घेतल्यास भाव कमी करतो असे कोणी म्हणाले तर तो व्यवहार तिथेच सोडावा, कारण पुढे हमीसाठी तेच बिल दाखवावे लागते. असेंबल्ड संगणकाला एकत्रित हमी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. म्हणून जीएसटी बिलावर प्रत्येक भाग आणि त्याचा अनुक्रमांक स्वतंत्र लिहून घ्यावा आणि सगळी रिकामी खोकी मागून घ्यावीत. प्रोसेसरचे खोके आहे का, हे विशेष विचारावे. खोक्याशिवाय सुटा येणारा ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याची हमी एएमडी थेट देत नाही, विकणाऱ्यावर अवलंबून राहावे लागते. आमचे खोके माळ्यावर सापडायला वीस मिनिटे लागली, ती आम्ही थांबलो. यूपीआयची सर्वसाधारण दैनंदिन मर्यादा एक लाखाची आहे आणि कार्डावर दुकानदार दोन टक्के वर मागतो, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर दोन खात्यांची सोय करून जावे. विंडोज ‘फुकट टाकून देतो’ असे जवळजवळ प्रत्येक दुकानात सांगितले जाते. ते विनापरवाना असते. आम्ही नको म्हटले. शोरूमच्या किमतीशी तुलना करताना हा खर्च आपल्या बाजूला धरायला हवा, तो धरूनही आमचा सौदा स्वस्तच पडला.

नवा एसएमपीएस बसवल्यावर ग्राफिक्स कार्डावर मुद्दाम पूर्ण ताण देणारा फरमार्क हा प्रोग्राम वीस मिनिटे चालवून त्याचे तापमान पाहिले, ६८ अंशांवर स्थिरावले. मग कार्ड काढून त्याच्या स्वतःच्या खोक्यात घातले. हे कोणीही विसरू नये : जड कार्ड बसवलेला संगणक गाडीच्या धक्क्यांत नेला तर कार्डाच्या वजनाने बोर्डावरची खाच तुटू शकते. दहा किलोचे काचेचे कॅबिनेट घेऊन दादरचा पूल चढण्याचा विचारही करू नये. आम्ही ग्रँट रोडहून काळी-पिवळी टॅक्सी करून थेट सीएसएमटीला गेलो आणि सव्वासहाची परतीची पंचवटी घेतली. कॅबिनेट काच वर करून पायांशी आडवे ठेवले, कार्डाचे खोके भाच्याच्या मांडीवर. सुटे भाग आणले असते तर ते दोन पिशव्यांत आरामात मावले असते, हा मुद्दा स्वतः जोडणाऱ्यांच्या बाजूने नोंदवतो.

घरी पोहोचल्यावर कार्ड बसवण्याचा मान भाच्याचा. खाचेत ‘कट्‌’ असा आवाज येईपर्यंत दाबले, आठ पिनांची वीजतार लावली, स्क्रू घट्ट केला. सगळे सुरू झाले. रात्री बारा वाजता गेम लावला तर चित्र असे अडखळत होते की आमच्या जुन्या संगणकाची आठवण यावी. अर्धा तास ड्रायव्हर काढण्या-घालण्यात गेला. शेवटी बहिणीने विचारले, ही तार वर का लावली आहे, खाली मोकळी जागा आहे ना? मॉनिटरची केबल मी ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचली होती. रायझन ७६०० मध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स असल्याने चित्र दिसत होते आणि म्हणूनच संशय आला नाही. तार बदलली आणि तीस हजारांचे कार्ड कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी कळले की ६००० वेगाची रॅम ४८०० वरच चालत आहे. दुकानात बायोसमधले (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधले) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याची सोय, चालू केलेले नव्हते. ते केले आणि संगणक पुन्हा सुरू होताना पडदा काळा झाला तो झालाच. भाचा बटण दाबायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. आमच्यासारखे एएम५ (रायझन ७६०० ज्यात बसतो त्या सॉकेटचे) बोर्ड रॅमची नवी जुळणी करताना काही मिनिटे असेच गप्प बसतात. तेव्हा वीज बंद करू नये. तीन मिनिटांनी पडदा उजळला. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, असेल तर विंडोजमध्ये तो आकडा बहुधा आपणच निवडावा लागतो, नाहीतर तो ६० वरच राहतो.

माझे मत विचाराल तर रॅमचे भाव उतरेपर्यंत यादी घेऊन जावे, पण दुकानातला जुना जोडलेला माल आधी पाहावा आणि त्याची काच उघडून तपासावी. जुन्या संगणकात चालण्याजोगी डीडीआर५ रॅम असेल तर गणित वेगळे : ती काढून घ्यावी आणि बाकीचे भाग आणून स्वतःच जोडावे, त्याहून स्वस्त काही नाही. जोडणीचा अनुभव घरात कोणालाच नसेल आणि जवळ विश्वासाचा माणूसही नसेल, तर ब्रँडचे यंत्र घेण्यात कमीपणा नाही. फक्त रॅमच्या पट्ट्या किती आणि एसएमपीएस प्रमाण मापाचा आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत.

भाच्याने पुढच्या रविवारी जुन्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी काढून बोर्डाच्या दुसऱ्या खाचेत बसवायला घेतली, कारण काहीतरी जोडायचे त्याचे राहिलेच होते. खाच होती, एसएसडी होती, पण तिला दाबून धरणारा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू नव्हता. तो बोर्डाच्या खोक्यात एका पुडीत येतो आणि दुकानातल्या जोडणीत ती पुडी कुठेतरी गेलेली. बोर्डाचे खोके हातात घ्याल तेव्हा आत ती पुडी आहे ना, तेवढे बघून घ्या.