नलरबॉर ओलांडताना: आधी खोल्या, मग किलोमीटर

अॅडलेडहून पर्थला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडून पश्चिम टोकाला, गाडीने निघालो आहोत असं सांगितलं की समोरचा माणूस आधी किलोमीटर विचारतो. ते सुमारे २,७०० आहेत. त्यातला पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा साधारण १,६६० किलोमीटरचा पट्टा म्हणजे नलरबॉर नावाच्या ओसाड पठारावरून जाणारा एअर हायवे. एडवर्ड जॉन एअर हा शोधक १८४१ मध्ये वायली नावाच्या आदिवासी सोबत्याबरोबर हा किनारा पायी तुडवत गेला, त्याच्या नावाचा हा रस्ता. पूर्ण डांबरी व्हायला १९७६ साल उजाडलं. आता रस्ता उत्तम आहे, त्यामुळे किलोमीटरची चिंता करण्यात अर्थ नाही. चिंता करायची ती तीन गोष्टींची: सूर्य कधी मावळतो, पुढच्या रोडहाऊसचं, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या जागेचं, स्वयंपाकघर कधी बंद होतं आणि तिथे खोली शिल्लक आहे का. आमचा सगळा बेत याच तीन प्रश्नांवर उभा होता.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा आणि सासू-सासरे. दोघांचीही सत्तरी उलटलेली, म्हणून तंबू आणि कॅराव्हॅन हे पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाले. राहायचं ते मोटेलमध्येच.

सेडूना हे शेवटचं गाव म्हणावं असं गाव. त्याच्या पश्चिमेला पेनाँगसारखी एखादी वस्ती सोडली, तर नॉर्समनपर्यंत फक्त रोडहाऊस लागतात. रोडहाऊस म्हणजे पेट्रोलपंप, किराणा, खानावळ आणि बार एका छपराखाली, मागच्या बाजूला खोल्यांची रांग आणि कॅराव्हॅन लावायला मोकळी जागा. आजूबाजूला दुसरं काहीही नाही. एकात जागा नसेल तर ‘पुढचं बघू’ म्हणता येत नाही, कारण पुढचं शंभर, कधी कधी पावणेदोनशे किलोमीटरवर असतं. आम्ही ऑगस्टच्या शेवटी निघालो. तो देवमाशांचा हंगाम, त्यामुळे खोल्या भरलेल्या. मी आधी नलरबॉर रोडहाऊसची खोली मिळवली आणि मग तिच्या अलीकडचे-पलीकडचे मुक्काम ठरवले. आरक्षण फोनवरच करावं, असं माझं मत. पलीकडून बोलणारं माणूस तिथेच राहणारं असतं, त्यामुळे स्वयंपाकघर कितीला बंद होतं, खोलीला स्वतंत्र बाथरूम आहे की बाहेर जावं लागतं, हे सगळं एका दमात कळतं. स्वस्तातल्या खोल्यांना तिथे ‘डोंगा’ म्हणतात. कंटेनरसारख्या तयार खोल्या, बाथरूम सामाईक. तरुणांना ठीक आहेत. सासऱ्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून आम्ही त्या घेतल्या नाहीत.

गाडी भाड्याची असेल तर करारातली बारीक अक्षरं वाचायला बसा. आमच्या करारात गावाबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा लागू नाही, असं कलम होतं. कारण सरळ आहे. दिवस कलला की कांगारू रस्त्यावर येतात, आणि ते दिव्यांकडे पाहत उभे राहतात किंवा ऐनवेळी नको त्या बाजूला उडी मारतात. उंट, वॉम्बॅट आणि कांगारू असे तिघांचे पिवळे फलक ठिकठिकाणी आहेत. लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात, पण फलक मनावर घेण्यासारखे आहेत. (यातले उंट मूळचे इथले नाहीत. १८६० मध्ये कराचीहून बोटीने आणलेले उंट एका मोठ्या शोधमोहिमेसाठी मेलबर्नला उतरले, मग आणखी येत राहिले, आणि मोटारी आल्यावर मोकाट सुटले. सासऱ्यांना ही माहिती फार आवडली, वाटेत भेटेल त्याला ते ती सांगत होते.)

म्हणून आमचा नियम होता की चार-साडेचारला खोलीत पोहोचायचं. दिवसाचं अंतर पाचशे किलोमीटरच्या आत ठेवलं. कागदावर ते कमी दिसतं. प्रत्यक्षात पेट्रोल, बाथरूम, चहा आणि कड्यावरचे थांबे धरून दिवस पुरेपूर भरतो.

आता क्वारंटाईनबद्दल, कारण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त त्याचाच फटका बसतो. पश्चिमेकडे जाताना बॉर्डर व्हिलेजला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची तपासणी चौकी आहे. उलट दिशेने येणाऱ्यांची तपासणी सेडूनाला होते. फळमाशीसारखी कीड आपल्या राज्यात येऊ नये म्हणून ताजी फळं, कच्च्या भाज्या आणि मध पुढे नेऊ देत नाहीत. आमच्या डिकीत कांदे, बटाटे, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची जुडी होती. शिजवलेली भाजी चालते, हे मी वाचून ठेवलं होतं. सेडूनाच्या खोलीत छोटी शेगडी होती. सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली.

“आई, थोडं इथेच ठेवून जाऊ या का?” मी विचारलं.

“ठेवायचं कशाला? उद्या टाकून द्यायचं ते आज पोटात जाऊ दे,” त्या म्हणाल्या आणि सगळा बटाटा-कांदा एका पातेल्यात गेला. त्या भाजीवर आमची दोन जेवणं निघाली. चौकीवरच्या बाईंनी डिकी उघडायला सांगितली, कूलबॉक्स पाहिला, डबा उघडून वास घेतला, “शिजवलंय ना?” एवढं विचारलं आणि सोडलं. पुढच्या गाडीतून मात्र सफरचंदांची पिशवी कचऱ्याच्या पेटीत गेली.

खाण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. मेन्यू सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच: बर्गर, चिकन श्निट्झेल, फिश अँड चिप्स, मीट पाय, स्टेक. शाकाहारी माणसाला चीज-टोमॅटोचं टोस्टेड सँडविच, चिप्स, अंडी आणि नशिबात असेल तर व्हेजी बर्गर. ताटं ट्रकवाल्यांच्या भुकेच्या हिशोबाची असतात, आम्ही चौघांत तीन मागवायचो. चिप्स जवळपास सगळीकडे चांगले मिळतात, कॉफीचं तसं नाही. खरं चाखायचं ते सेडूनात, कारण आसपासच्या खाडीतले ऑयस्टर तिथे अगदी ताजे मिळतात. नवऱ्याने खाल्ले. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

स्वयंपाकघर रात्री आठच्या सुमाराला, कधी त्याआधीच बंद होतं. इथेच घड्याळ गोंधळ घालतं. साऊथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांच्या वेळेत हिवाळ्यात दीड तासाचा फरक असतो. सीमेपासून कायगूना रोडहाऊसपर्यंतची मूठभर वस्ती मात्र दोन्हींच्या मधली वेळ पाळते, म्हणजे आधी पाऊण तास मागे, मग कायगूनाजवळ आणखी पाऊण तास मागे. सरकारदरबारी ती अधिकृत नाही, पण रोडहाऊसचं जेवण तिच्यावरच चालतं. फोन कुठली वेळ दाखवेल याचा भरवसा नसतो. नवऱ्याने मनगटावरचं साधं घड्याळ हाताने लावलं आणि आम्ही फक्त तेच पाहिलं. पश्चिमेला जाताना वेळ हाताशी येते. उलट येणाऱ्यांची जाते, त्यांनी जेवणाची वेळ नीट विचारून घ्यावी.

वाळूचे डोंगर पाहायला मिळतील या आशेने कुणी येऊ नये. नलरबॉर हे चुनखडीचं अफाट पठार आहे, सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचं. वर गुडघाभर खारट झुडपं. पाऊस पडला तरी पाणी खाली मुरतं, म्हणून पिण्याचं पाणी ही इथली खरी चणचण. रोडहाऊसमध्ये फुकट पाणी भरून मिळेल असं गृहीत धरू नये. आम्ही माणशी रोजचे पाच लिटर धरून कॅन भरून घेतले होते. पेट्रोलही शहरापेक्षा बरंच महाग. तरी अर्धी टाकी झाली की भरायचीच.

नलरबॉर रोडहाऊसच्या थोडं अलीकडे हेड ऑफ बाइटला वळलो. कड्यावरच्या लाकडी वाटेवरून खाली सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लांसह दिसत होते. मोजायच्या भानगडीत पडलो नाही, सासूबाई बाकावरून उठायलाच तयार नव्हत्या. पुढे बंडा कड्यांपाशी पठार एकदम संपतं आणि खाली समुद्र. काही ठिकाणी कठडा नाही आणि कडा खालून पोखरलेला असतो, म्हणून टोकाला जायचं नाही.

यूक्लाला मात्र वाळू भेटली. १८७७ चं तारघर टेकड्यांत अर्धं गाडलं गेलं आहे. सशांनी झुडपं फस्त केली आणि वाळू सुटली.

कायगूनाच्या पुढे १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. समोरून छत्तीस मीटर लांबीचे रोड ट्रेन, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेले अजस्र ट्रक, येतात, त्यांच्या वाऱ्याने गाडी हलते. दर तासाला चालक बदलला, झोपेची वाट पाहिली नाही. मध्येच रस्ता रुंद होतो आणि डांबरावर पांढरे पट्टे दिसतात. ती फ्लाइंग डॉक्टर सेवेची आणीबाणीची धावपट्टी. १९२८ मध्ये सुरू झालेली ही सेवा रुग्णाला न्यायला विमान थेट हायवेवर उतरवते. सासऱ्यांच्या औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली होती. पट्टे पाहिल्यावर ते ठेवणं योग्यच वाटलं.

बॅलाडोनिया रोडहाऊसमध्ये १९७९ मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या नासाच्या अवकाश स्थानकाचे अवशेष मांडले आहेत. एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलर दंड ठोठावला होता. तिथे जेवण होईपर्यंत तेवढी करमणूक पुरली.

नॉर्समनला पुन्हा दुकानं, शाळा, रस्त्यांना कोपरे. इथून डावीकडे एस्परन्स, उजवीकडे कूलगार्डीवरून पर्थ. आम्ही उजवीकडे वळलो. या बाजूला गावं अंतराअंतराने लागत राहतात, त्यामुळे पुढचा मुक्काम आधी ठरवलाच नव्हता. दुपारी चहाला थांबलो तेव्हा फोन करून सदर्न क्रॉसला खोल्या घेतल्या, आणि स्वयंपाकघर कितीला बंद होतं तेही विचारून घेतलं.