टर्नटेबलची केबल मात्र खरंच आवाज बदलते

महागडी केबल लावली की आवाज सुधारतो, असं म्हणतात. पण सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायरमधली दीड मीटरची केबल शाबूत असेल, तर ती महागाची आहे की साधी, हे कानाला कळत नाही. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नल देणाऱ्या बाजूचा अंतर्गत रोध) २०० ओहम आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २२५ पिकोफॅरड धरली, तर ३ डेसिबलची, म्हणजे ताकद निम्मी होण्याइतकी, घट येते साडेतीन मेगाहर्ट्झला. आपले कान २० किलोहर्ट्झलाच थांबतात.

टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईबरोबर चुंबक हलून स्थिर कॉइलमध्ये सिग्नल तयार होतो तो प्रकार) असेल, तर मात्र हिशेबच वेगळा. कार्ट्रिजमधल्या बारीक कॉइलची इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला सिग्नल फुगतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजची कॉइल ५५० मिलीहेन्रीची आहे आणि कंपनी केबल आणि प्रीअॅम्प मिळून एकूण १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स सांगते. आता दीड मीटर केबल, मीटरला १५० पिकोफॅरडची, म्हणजे २२५ झाले. फोनो प्रीअॅम्पचे (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचे) २२० मिळवले की ४४५. रेझोनन्स उतरून १० किलोहर्ट्झवर येतो. तिथे उंचवटा, त्यापुढे उतार. गाण्यातले 'स' आणि 'श' टोचतात, टाळ-झांजा कर्कश वाजतात, आणि तरीही अगदी वरच्या स्वरांतला मोकळेपणा गेल्यासारखा वाटतो. लोक सुईला दोष देतात, नवी सुई आणतात, आणि तक्रार तशीच राहते.

तेच टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) तारेचे ३०, केबलचे ६० आणि प्रीअॅम्पचे १०० असे १९० पिकोफॅरड झाले, तर रेझोनन्स साडेपंधरा किलोहर्ट्झवर जातो.

मोजणं सोपं आहे. कपॅसिटन्सची रेंज असलेला मल्टिमीटर घ्या. केबल दोन्ही टोकांना सुटी करा आणि केबलच्या टोकाच्या आरसीए प्लगची मधली पिन व बाहेरची रिंग यांच्यात मोजा. प्रोब मोकळे धरून जे रीडिंग येतं ते वजा करा. इतक्या लहान आकड्यात ते दुर्लक्ष करण्याजोगं नसतं. केबल टर्नटेबलला कायमची जोडलेली असेल, तर हेडशेल (दांड्याच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवलेला भाग) काढून मोजा, नाहीतर कॉइलमुळे आकडा चुकतो. प्रीअॅम्पची कपॅसिटन्स त्याच्या माहितीपत्रकात असते.

केबल स्वतः बनवायची तर आरजी-५९ ही कोअॅक्सियल (मधे तार, भोवती जाळी) केबल चांगली: मीटरला साधारण ५५ ते ७० पिकोफॅरड. तांब्याची जाळी आहे का ते आधी बघा. डीटीएचच्या आरजी-६ केबलला बहुधा अॅल्युमिनियमची जाळी असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. आतलं इन्सुलेशन फोमचं असेल तर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ टेकवू नका. फोम वितळतो, मधली तार सरकून जाळीला लागते आणि ते चॅनल बंद पडतं. लांबी मीटरभरच ठेवा. टर्नटेबलची अर्थिंगची वेगळी तार प्रीअॅम्पच्या स्क्रूला घट्ट हवी, ती सुटली की घरघर सुरू.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (यात चुंबकाऐवजी छोटी कॉइल हलते) असेल, किंवा टर्नटेबलमधलाच प्रीअॅम्प चालू असेल, तर केबलच्या कपॅसिटन्सची चिंता करायची गरज नाही.

स्पीकरच्या तारेत फक्त जाडी बघा. १० मीटर अंतराला ०.७५ चौरस मिलिमीटरची तार जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम रोध देते, २.५ ची त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. विकत घेताना एक धागा ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे आणि त्याचा रोध तांब्याच्या दीडपट धरावा लागतो.