शुगरवाल्यांना दातांचे डॉक्टर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘शुगरचे डॉक्टर आहेत ना तुमचे? मग दर सहा महिन्यांनी दातांच्या दवाखान्यात कशाला जाता?’ हा प्रश्न मला भिशीत, लग्नात, एकदा तर एसटीतसुद्धा ऐकायला मिळालाय.

मला मधुमेह होऊन 14 वर्षं झाली. डोळे, किडनी, तळपाय मी नेमानं तपासून घ्यायचे. तोंडाचं कधी मनातही आलं नाही. ब्रशचा फेस गुलाबी यायचा, तर मी म्हणायचे उष्णता वाढली असेल. सब्जा प्यायचे आणि जिथून रक्त यायचं तिथे ब्रश लावायचंच टाळायचे. मग एक दिवस पेरूच्या फोडीवर रक्ताची रेघ दिसली. जीभ लावून पाहिली तर खालचा पुढचा दात हलत होता.

डॉक्टर मॅडमनी बारीक खुणांची सळई हिरडीच्या फटीत घातली आणि आकडे सांगायला सुरुवात केली. ‘चार, सहा, सहा, पाच.’ हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक. सहा म्हणजे हिरडी दाताला सोडून खोल खिसा झालेला आणि आतलं हाड झिजत चाललेलं. इतकं होईपर्यंत दुखलं मात्र काहीच नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली.

साखर चढी राहिली की हिरड्यांना जंतूंशी नीट लढता येत नाही, जखम लवकर भरत नाही. लाळ कमी होते, तीही गोड. आणि हे उलटही चालतं. हिरड्यांची सूज मुरली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आवरत नाही. मी भात सोडला, चालणं वाढवलं, तरी आकडा का हलत नव्हता, याचं निदान एक कारण माझ्याच तोंडात होतं. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा टक्क्यांतला आकडा, साधारण 0.4नं उतरतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलंय. गोळ्या बंद होतील इतकं हे नाही, पण अगदी किरकोळ म्हणावं असंही नाही.

‘सफाई केली की दात ढिले होतात’ असं मलाही घाबरवलं होतं. दात आधीच ढिले झालेले असतात, किटणानं धरून ठेवलेले. किटण निघालं की ते कळतं, एवढंच. आणि मिश्री लावणाऱ्यांनो, तुमच्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तंबाखूनं रक्त येणं कमी होतं, आतली झीज सुरूच राहते. माझ्या सासूबाईंचे दात असेच गेले, मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा तो दात अजून तोंडात आहे. मऊ ब्रश, दातांच्या फटींसाठी छोटा वेगळा ब्रश, रात्री झोपण्यापूर्वी चुकवायचं नाही.

काल शेजारच्या काकूंनी त्यांचा ब्रश आणून दाखवला. गुलाबी. मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय. उपाशी येऊ नका, शुगर उतरेल. नाश्ता करून, रोजची गोळी घेऊन, शुगरची फाइल पिशवीत टाकूनच निघायचं, असं त्यांना बजावून आलेय.