दाराआडची कॅलेंडरं

खानापूरहून जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना रस्त्याच्या आत जंगलात बऱ्याच वाड्या आहेत, तिकडं आमचा अभ्यास चालू आहे. दिव्यांग मुलांच्या घरच्यांना खरं काय लागतं, औषधाला किती जातात, दवाखान्याच्या एका फेरीला किती मजुरी बुडते हे घरोघरी जाऊन लिहून घ्यायचं आणि तेच कागद घेऊन तालुक्याला, बेळगावला पाठपुरावा करायचा, असं दोन्ही काम आम्हीच करतो.

त्या दिवशी ज्या घरी गेले तिथला मुलगा 11 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही), आधाराशिवाय बसता येत नाही, बोलत नाही पण आईचा आवाज आला की लगेच मान वळवतो. आणि फिट येतात. सीपीच्या बऱ्याच मुलांना येतात. बाप गोव्यात कामाला, गणपतीला आणि शिमग्याला येतो, घरात आई, सासू आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. मी त्या बाईंना वहिनीच म्हणते.

आमच्या फॉर्मात प्रश्न आहे, महिन्यातून किती वेळा फिट येते. वहिनी म्हणाल्या, "कधी कमी, कधी जास्त, एक आकडा कसा सांगू वो मॅडम?" मी "अनियमित"वर टिक करणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं त्यास्नी कॅलेंडर दाखव की!"

दाराआड एकाच खिळ्याला पाच-सहा वर्षांची कालनिर्णय एकावर एक अडकवलेली. दुधाचा हिशोब, संघाचा हप्ता, गॅसची तारीख, हे आपल्या सगळ्यांच्याच कॅलेंडरवर असतं. पण इथं चौकोनाच्या कोपऱ्यात लाल ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक फिट, मोठी आली तर फुली, ताप असला तर "ता", आणि काही ठिकाणी पेन्सिलीनं "गोळी नाही". वहिनी सातवी शिकलेल्या. कुणी सांगितलं असं लिहायला विचारलं तर म्हणाल्या कुणी नाही, डॉक्टर दरवेळी विचारतात आणि मला तिथं गेल्यावर काय आठवत नाही, भीती वाटते, म्हणून लिहिते.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि एकेक वर्ष उलटत गेले. उन्हाळ्याचे महिने जवळजवळ कोरे, आणि जुलै-ऑगस्ट आला की ठिपक्यांची गर्दी. दरवर्षी. आणि त्या गर्दीच्या आधी दोन-तीन दिवस बहुतेक वेळा तेच, गोळी नाही. फिटची गोळी एकदम बंद झाली की फिट वाढतात हे कुठलाही डॉक्टर सांगेल, पण ती का बंद होते ते या कॅलेंडरांनी सांगितलं. औषध एका वेळी महिन्याचंच मिळायचं. तो सगळा भाग म्हणजे आमगावचा पट्टा, कर्नाटकात सगळ्यात जास्त पाऊस पडतो त्यातलाच, ओढ्याला पाणी आलं की वाडीतनं बाहेर पडताच येत नाही, चार-पाच दिवस सुद्धा. मग गोळी आणायची कुणी आणि कशी? पोराला सासूकडं ठेवून जायचं तर ओढा, आणि बाप गोव्यात.

फोटो काढू का विचारलं. "काढा की, पण दुधाचं कुणाला दाखवू नका," म्हणाल्या. हिशोबाचा भाग झाकून काढले.

आणि हे सांगितलंच पाहिजे, फिट आल्यावर काय करता विचारलं तर त्या बाईंनी मला नीट करून दाखवलं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा नाही, चप्पल नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बघायची. शेजारी चप्पल घेऊन धावत आले तर सासूबाईच त्यांना हाकलतात.

तालुक्याच्या मीटिंगला आम्ही वहिनींना घेऊन गेलो. मी तक्ता केला होता, तो बाजूलाच राहिला. वहिनींनी पिशवीतनं गुंडाळलेली कॅलेंडरं काढून टेबलावर पसरली आणि साहेबांना बोट ठेवून दाखवायला लागल्या, हा जुलै, हा त्याच्या मागच्या वर्षीचा जुलै, हा बघा. साहेब कन्नड बोलणारे, आमचा गावातला पुनर्वसन कार्यकर्ता मधे सांगत होता, पण अर्ध्या वेळी साहेब त्याच्याकडं बघतच नव्हते, स्वतःच पानं उलटत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 25 आहे, घराजवळ, खास करून खेड्यात, मोफत आरोग्यसेवा देण्याचं, उत्पन्नाची अट आहे पण आहे. ते मी वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर काम कॅलेंडरांनी आधीच केलं होतं.

मला म्हणून वाटतं की आपल्या अभ्यासात घरच्या माणसांनी ठेवलेली नोंद पुरावा म्हणून धरली पाहिजे, नुसती "पालकांनी सांगितले" अशी ओळ लिहून चालणार नाही. आता प्रत्येक घरात मी आधी विचारते, तुम्ही काही लिहून ठेवता का? वहीच्या मागच्या पानावर, रेशनकार्डाच्या कव्हरवर, बरंच काही निघतं.

वहिनींचं निरामय विम्याचं, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं पण राहिलं होतं, सीपी असलेल्या मुलाला 1 लाखापर्यंत मिळतो, बाहेरच्या गोळ्यांची बिलं पण त्यात लावता येतात, तो फॉर्म त्याच दिवशी खानापुरात भरला.

पावसाच्या आधी त्या पट्ट्यातल्या फिट असलेल्या सगळ्या मुलांना, डॉक्टरांनी तपासून, तीन महिन्यांचं औषध एकदम द्यायचं असं मीटिंगमध्ये मान्य झालं. तोंडी. लेखी हातात येईपर्यंत आम्ही दर सोमवारी फोन करतो. पुढच्या मीटिंगला वहिनी शेजारच्या वाडीतल्या दोन आयांना घेऊन येणार आहेत, त्यांच्या मुलांच्या पेन्शनचे अर्ज अडकलेत, आणि त्यांनी कुठल्या तारखेला कुणाकडं गेलो ते सगळं लिहून ठेवलंय.