दारूच्या पेट्रोलावरून काकांशी वाद

चतुर्थीला मालवणला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी मला मोटरसायकलसमोर उभं केलं. "बघ, ह्या तुमच्या दारूच्या पेट्रोलान गाडी बसयल्यान." मी ब्राझीलला राहतो. तिथल्या गाड्या उसाच्या दारूवर चालतात, असं मीच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. ती दारू म्हणजे इथेनॉल नावाचं अल्कोहोल, आपल्याकडच्या पेट्रोलातही आता ते २० टक्के मिसळतात. म्हणून देशातला इथेनॉलचा प्रत्येक घोळ माझ्या खात्यावर.

मेकॅनिकनं टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. वर पिवळट पेट्रोल आणि खाली दोन बोटं वेगळाच थर. गाडी मे महिन्यापासून उभी, झाकणाचं रबर फाटलेलं, वरून पागोळ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलशी काडीमोड घेतात आणि तळाशी जाऊन बसतात. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच. चाकरमान्यांच्या अर्ध्या टाकीनं ठेवलेल्या गाड्यांना आपल्या पावसात हे भोगावं लागणारच. मायलेज पडतं, हेही खरं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते.

"मगे घालतत कित्याक?"

मी शंभर वर्षं मागे गेलो. तेव्हाच्या इंजिनांना नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून आत ठोके पडण्याचा, त्रास फार. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला सापडलं की पेट्रोलात शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की नॉकिंग थांबतं. अल्कोहोलनंही थांबतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळावं, त्यात मक्तेदारी कसली? १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण दगावले. तरी शिशाचं पेट्रोल पुढे जगभर खपलं. अल्जीरियात तर थेट २०२१ पर्यंत.

"शिसा? पेट्रोलात?" काकांना शिसं नवीन नाही. पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याच्या, कडेच्या गोळ्या ते स्वतः ओततात. लहानपणी आम्ही मुलं बघायला जमायचो आणि त्या धुरातून आजी आम्हाला हाकलून लावायची. तोच धूर, मी म्हटलं, प्रत्येक गाडीच्या नळकांड्यातून. रस्त्याकडेच्या मातीत शिसं बसायचं, मुलांच्या हातांवरून तोंडात जायचं आणि मेंदूची वाढ खुंटवायचं. ते कमी असलं तर चालतं, अशी सुरक्षित पातळीच नाही.

ब्राझीलनं १९७५ मध्ये अल्कोहोलची मोठी योजना काढली ती मुलांच्या काळजीनं नव्हे. तेलाची बिलं परवडेनात आणि साखरेचे भाव पडलेले, म्हणून. पण अल्कोहोलनं पेट्रोलाचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची ताकद, वाढला, शिशाची गरजच उरली नाही आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते हद्दपार झालं. आपल्याकडे देशभरातून १ फेब्रुवारी २००० ला गेलं.

"इथेनॉल घालून?"

नाही, रिफायनरीतली प्रक्रिया बदलून. इथं काकांनी मला बरोबर पकडलं. आजच्या २० टक्क्यांचा शिशाशी संबंध नाही, हे मला मान्य करावं लागलं. तो हिशेब परकीय चलनाचा आणि ऊस, मका पिकवणाऱ्यांचा. माझं शंभर वर्षांचं कीर्तन तिथंच आटोपलं.

मग तिथल्या पंपाबद्दल सांगितलं. मी राहतो त्या कांपिनासमध्येही पंपावर माणूसच टाकी भरून देतो, स्वतः भरायला कायद्यानं बंदी आहे. तो विचारतो, "एतानॉल ओउ गाझोलिना?" आपण फलकावरचे दोन भाव बघायचे. इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल. गाडी दोन्हींवर चालते. साध्या पेट्रोलातही आता ३० टक्के इथेनॉल असतं, पण गाड्या तशाच बनवलेल्या. सगळं गोड नाही. उसाचे फड पेटवायचे त्या काळात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची, असं शेजारच्या म्हाताऱ्या बाई अजून सांगतात.

राखेचं काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "म्हणजे थंय ग्राहकाक इचारतत," एवढंच ते बोलले.

झाकणाला नवं रबर बसलं. मेकॅनिक म्हणाला, पुन्हा उभी ठेवणार असाल तर टाकी गच्च भरून ठेवा, आत हवा राहायला नको. मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पंपावर गेलो. पैसे अर्थातच मला द्यायला लावले.